खिचडीच्या बदल्यात

शाळा बंद झाल्या तेव्हा माझी धाकटी बहीण तिसरीत होती. त्या दिवसांत सगळ्यांना मुलांच्या अभ्यासाची फार काळजी. मोबाईल, रेंज, ऑनलाइन वर्ग, जो तो त्यावरच बोलत होता. आमच्या घरात पहिल्या आठवड्यापासून वेगळाच प्रश्न उभा राहिला. हिने दुपारी जेवायचं काय?

आम्ही रत्नागिरीत बंदराजवळ राहतो. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, एकदा गेले की कित्येक दिवस समुद्रात. आई कोळंबी सोलायला जाते. उजाडायच्या आत निघते, दिवेलागणीला परत येते. सकाळी चहा-बटर आणि रात्री भात-कालवण, एवढं आमचं ठरलेलं. मधलं जेवण शाळेचं. मी स्वतः सातवी-आठवीपर्यंत त्या खिचडीवर वाढले. ती कधी कच्ची असायची, कधी खाली लागलेली, पण रोज असायची. शाळेला कुलूप लागलं आणि आमच्या घरातली दुपार रिकामी झाली.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, घरीच होते. मी भात लावायचे. पण रेशनचा तांदूळ रात्रीच्या एका वेळेच्या हिशोबाने घरात येत होता, आता त्यात दुसरी वेळ आली. बहीण काही मागायची नाही. बाराच्या सुमाराला दारात जाऊन उभी राहायची, एवढंच. "काय बघतेस गो?" विचारलं की म्हणायची, "काय नाय."

पहिल्या वर्षी शाळेने तांदूळ आणि डाळ वाटली. उशिरा वाटली, पण वाटली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बहिणीच्या वर्गाच्या बाईंचा निरोप आला, की सुट्टीतल्या आहाराच्या बदल्यात पैसे मिळणार आहेत. मुलीच्या नावाने बँकेत खातं उघडून नंबर कळवा. बाई चांगल्या होत्या, घरोघरी फोन करत होत्या. मी रक्कम विचारली. त्यांनी सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "मला काही बोलू नकोस, मी फक्त निरोप देतेय."

रक्कम ऐकून आई हसली. पण म्हणाली, "तिचं हाय ना? मग घ्यायचं. सोडायचं कशाला?"

तिने कामावर खाडा केला. सोलणाऱ्या बाईला पगारी रजा नसते, ज्या दिवशी हात चालत नाहीत त्या दिवशी हातात काही पडत नाही. आम्ही तिघी रिक्षाने बँकेत गेलो. रांग रस्त्यापर्यंत आलेली, बहुतेक सगळ्या शाळेतल्या मुलांच्या आयाच. दुपारी आमचा नंबर लागला. काउंटरवरच्या माणसाने आईला अंगठा लावायला सांगितलं. यंत्राने घेतला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, दुसरा हात, काही नाही.

"वडिलांना आणा," तो म्हणाला.

"ते बोटीवर आहेत."

"मग आल्यावर या. पुढचा!"

त्याने असं सांगितलं जणू बोट म्हणजे साडेपाचची एस्टी आहे.

घरी आल्यावर आईने हात लिंबाने घासले. रात्री कोकमतेल चोळून बसली. कोळंबी बर्फाच्या पाण्यात असते, तिच्या डोक्याला काटा असतो, कवच धारदार. आई माझ्या जन्माच्या आधीपासून ती सोलतेय. तिच्या बोटांची कातडी गुळगुळीत आहे, काचेसारखी, आणि मधूनमधून चिरलेली. ती एका रात्रीत लिंबाने काय भरून येणार? पण ती घासत राहिली, शाळेत नखं तपासणार असल्यासारखी.

दुसऱ्या खेपेला तोच माणूस होता. आईने बोट ठेवलं, यंत्राने पुन्हा घेतलं नाही. त्याने तिच्या हातावर सॅनिटायझर फवारलं. चिरांमध्ये ते झोंबलं असणार, आईने ओठ मिटले. मग त्याने मास्कवरून नाकाला रुमाल लावला आणि मला विचारलं, आईला नाही, मला, "काय काम करते ही? हिला ठसेच नाहीत. हात नीट धुवून आणा तिला."

आणा तिला! माझी आई त्याच्यापेक्षा वयाने मोठी असेल. ती समोर उभी होती, तिला ऐकू येत होतं.

माझ्या डोक्यात काय गेलं मला माहीत नाही. मी ओरडले. "धुतलेत हात! कोळंबी सोलते ती. तुम्ही रविवारी ताटात घेता ती कोण सोलून देतं? सोलून सोलून गेले ठसे! आता आणू कुठून?" वॉचमन पुढे आला. बहीण माझा ड्रेस ओढत होती. मी म्हटलं, साहेबांना भेटल्याशिवाय मी इथून हलणार नाही, उचलून बाहेर टाकायचं असेल तर टाका.

आतून साहेब आले. त्यांनी ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही, आणि सहज म्हणाले, "अहो, अंगठा लागत नसेल तर कागदावर होतं की. फॉर्म भरा, फोटो आणि झेरॉक्स जोडा. द्या हो त्यांना फॉर्म."

काउंटरवरच्या माणसाने खणातून फॉर्म काढला. हात लांब करावा लागेल एवढ्या अंतरावर तो खण होता. पहिल्या दिवशीही तो तिथेच होता. मला आजही संताप येतो तो त्या खणाचा. त्या माणसाला नियम माहीत होता. फक्त आमच्यासाठी हात लांब करायचा त्याला कंटाळा आला होता, आणि त्याच्या कंटाळ्यापायी माझी आई रात्रभर बोटं घासत बसली.

बाहेर आल्यावर मला वाटलं आई खूश होईल. ती माझ्यावरच भडकली. "काय गरज होती गो ओरडायची? आपल्यालाच परत यायचंय हितं."

पैसे आले, शाळा पुन्हा बंद-चालू होत राहिल्यावर कधीतरी आले. आमच्या दोन खेपांचं रिक्षाभाडंही त्यातून सुटलं नसतं. आईचे बुडालेले दिवस मी धरतच नाही. आईने ते काढले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे. कोण जातंय परत त्या दारात."

कुणीतरी कुठेतरी बसून हे ठरवलं असेल. मुलांचा आहार बुडाला, पैसे देऊ, थेट खात्यात देऊ, म्हणजे मध्ये कुणी खाणार नाही. कागदावर किती छान! त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही की तांदळाची पिशवी आईच्या हातात सरळ देता येते, त्यासाठी बोटाचा ठसा लागत नाही. मूल बाराला जेवतं. पैसे पुढच्या हंगामात आले तर ते मूल आधीच बुडालेली दुपार कशी जेवणार?

त्यानंतर आईची एक सवय बदलली. पूर्वी ती हातवारे करत बोलायची, बाजारात तर फारच. आता अनोळखी माणूस समोर आला की हात पदराखाली जातात. तिला ते कळत नसावं. मला कळतं, आणि त्याची भरपाई कुठल्याच खात्यात जमा होणार नाही.

शाळा नीट सुरू झाली त्या दिवशी बहिणीला सोडायला मी गेले होते. दुपारपर्यंत थांबले. ओसरीवर पंगत बसली, बाईंनी मोबाईल काढला. आहार सुरू झाल्याचा फोटो वर पाठवायचा होता. मी पुढे झाले. "बाई, जेवताना फोटो नको."

"मलाही नाही आवडत," त्या म्हणाल्या. "पण पाठवावा लागतो."

"मुलं नकोत त्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वळून वाफाळत्या पातेल्याचा फोटो काढला आणि तोच पाठवला. माझ्या बहिणीने तोवर दुसऱ्यांदा ताट पुढे केलं होतं.