पाकिटावरचं झुरळ

साऱ्या नागपुरात झुरळ दिसल्याबरोबर झाडू न शोधता भिंग शोधणारा एकच माणूस होता, आणि पारशिवनीहून शिकायला आलेल्या मला खोली मिळाली ती नेमकी त्याच्या घरात. महालातल्या त्या बोळात आमच्या घरमालकांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. पहिल्या भेटीत गाव, घराणं, मार्क विचारतील म्हणून मी सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे धानाच्या बांधीत कोळी कोणकोणते दिसतेत गा?" मी गार झालो. "जाळं विणते तो," एवढंच सुचलं. "अन् हा बीए करून राहिला!" काका काकूंना म्हणाले. खोली मात्र दिली, आणि त्या उपकाराची जाणीव मला आजही आहे.

काकांना किड्यांची पाकिटं जमवायचा नाद होता. पोस्टाचं नवं तिकीट निघालं की पहिल्याच दिवशी ते पांढऱ्या पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटवायचं, डावीकडच्या कोऱ्या जागेत हाताने एक किडा नाहीतर कोळी रंगवून घ्यायचा, आणि पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टात टाकायचं. तिकिटावर पुढारी असो की धरण, शेजारी नाकतोडा असायचाच. पोस्टातला शिक्का मारणारा कारकून काकांना पाहिलं की पाणी प्यायला उठे. एकदा मीच सोबत होतो. त्याने शिक्का उचलला तसे काका खिडकीतून अर्धे आत गेले. "हलक्या हातानं मार गा, पोटुशी आहे ते!" रांगेतले सगळे वळून पाहू लागले. पाकिटावर पोटाखाली अंड्यांची पिशवी धरलेली कोळ्याची मादी होती. कारकुनाने शिक्का खरोखरच हलकेच टेकवला.

घरातही तेच. दिवाळीला जाळी काढताना काकूंना एक कोपरा सोडावा लागे, कारण तिथला कोळी अजून कागदावर उतरायचा असे. मी शनिवारी गावी निघालो की काका रिकामी डबी हातात देत. "मेलेलं काही सापडलं तर आणजो. जित्याले हात लावू नको." माझ्या आईने ती डबी उघडली तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. "तुले शिकाले पाठवलं का भुंगे वेचाले?"

काकांना स्वतःला सरळ रेघही काढता येत नसे. काढायची ती त्यांची एकुलती एक मुलगी. तिला मी ताई म्हणायचो. शाळेत चित्रकला शिकवून घरी आली की ती खिडकीशी बसे आणि काका मागे उभे राहून सूचना करत. ती एकदाही कंटाळलेली मला दिसली नाही. पण तिच्या लग्नाचं वय सरत चाललं होतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, भिंतीवरच्या चौकटीतले विंचू बघायचे आणि नंतर काही कळवायचे नाहीत. गल्लीत तर उघड बोलत, काढणारी गेली तर याचं कसं होईल, म्हणून हाच स्थळं मोडते. काकू पदराने डोळे पुसत. "ह्या किड्यांपायी माही पोरगी घरीच राहीन पहा."

वर्ध्याचं स्थळ आलं तेव्हा काकूंनी काकांकडून शपथ घेतली. किड्यांचा शब्द काढायचा नाही. चौकटींवर मी कॅलेंडरं टांगली. काका इस्त्रीचा सदरा घालून, तोंड मिटून बसले. मुलाची आई दाराशीच टेकली होती. पोह्यांची बशी उचलताना तिला शेजारच्या तिपाईवर झुरळ दिसलं. क्षणात तिने दारातली माझीच चप्पल ओढली आणि फाडकन हाणली. चप्पल उचलली तर झुरळाचा ओला रंग तळाला चिकटलेला, आणि खाली फासलेलं पाकीट. सकाळी काढलेलं ते चित्र वाळायला ठेवून सगळेच विसरले होते.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आटोपलं. तेवढ्यात काका उठले आणि त्या बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. डोळे भरलेले. "बाई, माह्या पोरीले इतकी मोठी दाद आजवर कोणी देल्ली नाही!"

बाईंनी चप्पल पाहिली, पाकीट पाहिलं, मग ताईकडे वळल्या. "तूनं काढलं हे? अन् मिशा कायनं काढल्या वं?"

"बारीक कुंचल्यानं," ताई हळूच म्हणाली.

"माय वं! मले वाटलं आता पोह्यात जाते." आणि त्या इतक्या हसल्या, की नवरामुलगाही पहिल्यांदा मान वर करून ताईकडे पाहू लागला. लग्न तिथेच ठरलं.

ताई सासरी गेल्यावरही नव्या तिकिटाच्या दिवशी काका पोस्टात जात. पाकिटं शिक्का बसून परत येत, डावी बाजू कोरीच. दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या, असं मी सुचवलं तर ते माझ्याकडे असे बघत, जणू मी काही अभद्र बोललो. दिवाळीला ताई माहेरी यायची होती. त्या सकाळी काका माझ्या खोलीत आले आणि कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा माझ्या पेटीत, कपड्यांखाली सरकवला. "तिले दिसले तर बसन काढत. तिथं मोठा कुटुंबकबिला आहे, दिवसभर उभी राहते. चार दिवस झोपू दे."

दुपारी ताईने विचारलंच. "बाबा, काढायचं काही नाही का?"

"सोडला वं तो नाद," काका म्हणाले. "काय ठेवलं आहे किड्यांत!"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिथेच चटईवर आडवी झाली आणि बघता बघता झोपली. काका तिच्या उशाशी बसून माशा वारत होते.