हाव, सोडली

धाड गावच्या बाजारात तो मेथी विकायचा. डाव्या जबड्याला रुमाल लावून एका हातानं जुड्या द्यायचा. ऑपरेशन करून परतला तेव्हा त्या बाजूचा गाल पार आत गेला होता. मी पडलो शिक्षक, चारचौघांत विचारलं, "आता तरी तंबाखू सोडली ना?"

"हाव, सोडली," तो हसला.

शेजारी बसलेली बायको उसळली. "खोटं काऊन बोलता? गुरुजी, यायनं जिंदगीत सुपारी नाही खाल्ली! लाळेच्या गाठीचा कॅन्सर व्हता, जबड्याच्या हाडात झालेला. डॉक्टर म्हने, असा लय कमी लोकायले होते."

त्यानं माझ्या पिशवीत जुडी ठेवली. "जाऊ दे वं. नाही म्हटलं तं कोनी मानत नाही. हाव म्हटलं का लोकायले बरं वाटते."

मला खरंच बरं वाटलं होतं.