हँडिकॅपचा दाखला

माणूस एखाद्या ध्येयाला सर्वस्व वाहतो तेव्हा त्याचं अवघं घर त्याच्या पाठीशी उभं राहतं, असं थोरामोठ्यांच्या चरित्रांत मी अनेकदा वाचलं आहे. मी सहा वर्षं गोल्फला सर्वस्व वाहिलं होतं आणि माझ्या घरात त्या खेळाला 'ती हॉकी' म्हणत.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. दिवसभर एकाच पांढऱ्याच्या अकरा छटांकडे बघायचं आणि त्यातल्या दोन नापास करायच्या, हे माझं काम. अशा माणसाला गोल्फ कोणी दाखवू नये. पण खारघरला डोंगराखाली गोल्फचं मैदान झालं, आमच्या साहेबांना पाहुण्यांबरोबर खेळायला एक गडी कमी पडला आणि मोकळा असलेला पहिला माणूस म्हणून मला गाडीत घातलं. आयुष्यातला पहिलाच फटका मी मारला तो सरळ, उंच आणि लांब गेला. (दुसरा साहेबांच्या पायाला लागला, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.) त्याच संध्याकाळी मी घरी जाहीर केलं, की मी व्यावसायिक गोल्फपटू होणार.

"कधीपर्यंत?" बायकोने, म्हणजे मंजिरीने, भाजी निवडता निवडता विचारलं.

"पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत."

"ठीक आहे. त्यानंतर मला नवऱ्याबरोबर एखादा रविवार मिळावा."

एवढ्या समजूतदारपणाने दिलेली मुदत मोडता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

इथे गोल्फमधल्या हँडिकॅपबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाने घडवलं. हँडिकॅप म्हणजे तुमचा खेळ कच्चा आहे म्हणून मैदानाने तुम्हाला दयेपोटी माफ केलेले जादा फटके. खेळ जितका वाईट, तितका आकडा मोठा. माझा पहिला आकडा होता सव्वीस. व्यावसायिक होण्यासाठी एक पात्रता परीक्षा असायची आणि तिच्या अर्जाला पाच किंवा त्याहून कमी हँडिकॅपचा दाखला जोडावा लागे. म्हणजे सहा वर्षांत एकवीस पायऱ्या उतरायच्या. कागदावर हे सोपं दिसतं.

माझी पिशवी वाहायला काशिनाथ असायचा. साठीचा गडी, तिथल्याच गावचा. पहिल्याच दिवशी सातव्या होलजवळ माझा चेंडू तिसऱ्यांदा गवतात हरवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सायेब, हितं माज्या चुलत्याचं भाताचं खाचर व्हतं. लय पिकायचं. आता नुसतं तुमचं बॉल पेरतो."

"मी बघत असतो रे चेंडूकडे."

"तुमी खालीच बगा. तो कुटं गेला ते बगायला मी हाय ना."

सहा वर्षांत मला मिळालेला गोल्फचा सर्वांत उपयुक्त सल्ला तोच. मी खाली बघायला लागलो आणि आकडा उतरत गेला. सव्वीस, एकोणीस, तेरा, नऊ, सात. चव्वेचाळीस संपत आलं तेव्हा मी सातवर होतो आणि शेवटच्या तीन डावांत असा काही खेळलो, की मैदानाच्या कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "पुढच्या हिशेबात तुमचे पाच होतील, साहेब."

त्या आनंदात मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सरावाला गेलो. गच्चीवर दोरीला शेजारच्या नसीमभाभींच्या चादरी वाळत होत्या. हातातली काठी मी पूर्ण ताकदीने मागून पुढे आणली. काठीने वाटेत दोरी पकडली, दोरीने चादर पकडली, चादरीने मला पकडलं आणि खांद्यात काहीतरी अशा आवाजाने सरकलं, जसा आमच्याकडे जुन्या कपाटाचा खण सरकतो. नसीमभाभी वर आल्या तेव्हा मी फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळला जाऊन पाण्याच्या टाकीशी पडलो होतो.

"या अल्लाह. भाऊ, चादर पाहिजे होती तर बेल वाजवायची होती."

"खांदा..." मी म्हणालो.

"हलू नका. आणि बघा, रक्ताचा डाग नको. दुबईवरून आणलीय ती यांनी."

त्यांनीच आपल्या ओढणीची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला आणि मला दवाखान्यात पोचवलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, खांदा जागेवर बसवलाय, सहा आठवडे हात गळ्यात. परीक्षा अडीच महिन्यांवर होती. अर्जाची शेवटची तारीख मात्र नऊ दिवसांवर.

ते नऊ दिवस मी घरात जसा वावरलो त्याबद्दल मंजिरी अजून बोलते. मी बसत नव्हतो. उभा राहत नव्हतो. डाव्या हाताने दिवाणखान्यात चेंडू ढकलत होतो आणि तो दर वेळी अप्पांच्या खुर्चीखाली जात होता. अप्पा म्हणजे माझे वडील. पनवेलच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, हयातीचा असे सगळे दाखले उरणपासून नेऱ्यापर्यंतच्या लोकांना त्यांनी मिळवून दिले होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने मात्र उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे कधी एकही दाखला मागितला नव्हता. ही खंत ते बोलून दाखवत नसत. फक्त कोणाच्याही मुलाचा विषय निघाला, की विचारत, "त्याचा डोमिसाइल काढला का?"

तर अशा माणसाने, खुर्चीखालून चेंडू काढून देता देता, मला गळ्यात हात अडकवून फोनवर बोलताना ऐकलं.

"हँडिकॅपचा दाखला नसेल तर अर्जच घेणार नाहीत," मी कार्यालयातल्या गृहस्थांना सांगत होतो. "माझी सहा वर्षं फुकट जातील हो. काहीही करून मिळालाच पाहिजे."

फोन ठेवला तेव्हा अप्पा माझ्याकडे बघत होते. इतक्या मायेने त्यांनी माझ्याकडे माझ्या मुंजीतसुद्धा बघितलं नव्हतं.

"किती आहे म्हणालास, विनू?"

"सात आहे. पाच होईल."

"पाचने काय होतंय? चाळीस तरी पाहिजे."

"चाळीस? अप्पा, चाळीसवाल्याला कोणी दारात उभं करत नाही. जितकं कमी तितकं चांगलं असतं."

अप्पा स्वयंपाकघरात गेले आणि मंजिरीला हळू आवाजात म्हणाले, "स्वाभिमानी आहे गं. सवलत नको म्हणतोय."

(मंजिरीला वाटलं, मी मैदानाची वर्गणी पूर्ण भरणार आहे. तिने कपाळाला हात लावला. तेही अप्पांनी दुःखाच्या खाती धरलं.)

दुसऱ्या दिवशी अप्पांनी माझे दोन फोटो मागितले. अर्जावर आणखी एक ओळ होती. शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला, शक्यतो सरकारी डॉक्टरांचा. तो काढून द्याल का, असं मी त्यांना विचारलं. "सगळं एकाच खिडकीवर होतं," ते म्हणाले. "गुरुवारी रजा टाक. अलिबागला जायचंय."

"अप्पा, गुरुवार अर्जाचा शेवटचा दिवस आहे. खारघरचं कार्यालय सहाला बंद होतं."

"एक वाजता परत पनवेलात असू. माझं काम कधी लांबलंय का?"

गुरुवारी सकाळी आम्ही एस. टी. ने निघालो. अप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात होते. मांडीवर फाइल आणि चेहऱ्यावर बदलीचा हुकूम रद्द करून आणलेल्या माणसाचं तेज. वडखळच्या नाक्यावर गाडी पाऊण तास उभी राहिली. मी चार वेळा खाली उतरून पुढे बघून आलो. माझ्या बघण्याने वाहतूक हलत नाही, असं कंडक्टरने मला सांगितलं.

सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बरीच मंडळी बसली होती. कोणाजवळ कुबड्या, कोणाजवळ काठी. सरकारी रुग्णालय म्हटल्यावर हे आलंच, असं समजून मी बसलो. अप्पा खिडकीशी गेले. शेजारी कुबड्या घेऊन बसलेल्या, माझ्याच वयाच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचं किती हँडिकॅप?"

मी सुखावलो. अप्पांनी येता येता माझी कीर्ती पसरवलेली दिसत होती.

"सात. पण पाचची आशा आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाचवर कोण इचारणार, भाऊ? माजं पंचावन्न हाय."

"पंचावन्न?" मी कसाबसा सावरलो. "तरी तुम्ही खेळता?"

"कॅरम. गावात माज्यासमोर कोण बसत नाय."

मनुष्य विनोदी आहे, असं मला वाटलं. मी विनोदी आहे, असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. आत टेबलामागे तीन डॉक्टर होते. अप्पा पाठोपाठ आले आणि त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. त्यात माझा एक्स-रे, रेशनकार्डाची प्रत आणि मला आठवतसुद्धा नसलेला शाळा सोडल्याचा दाखला होता.

"उजवा खांदा," मधले डॉक्टर म्हणाले. "कशाने?"

"चादरीने."

त्यांनी लिहिलं नाही. "बरं. तुम्हाला स्वतःला किती टक्के वाटतं?"

मी तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी आलो होतो. ताठ उभा राहिलो. "शंभर टक्के."

तिघांनीही वर बघितलं.

"शंभर?"

"शंभर. महिन्याभरात एकशे दहा. बघा हवं तर." आणि मी झोळीतून हात काढून सरळ डोक्याच्या वर नेला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी हसत होतो. अप्पांनी मागून माझा सदरा ओढला.

"दुखतंय म्हण," ते कुजबुजले.

"अजिबात दुखत नाही," मी मोठ्याने म्हणालो.

"साहेब, त्याला सवय नाही मागायची," अप्पा पुढे झाले. "घरात चमचा डाव्या हाताने धरतो. सहा वर्षं झाली, याच दुःखात आहे. चाळीस द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजोबा, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी या खोलीत हजारो माणसं आली असतील. स्वतःहून इतक्या जोरात हात वर करणारे हे पहिलेच. हा खांदा बरा होणारा आहे. मी शून्य टक्के लिहितोय." त्यांनी लिहिलं, तिघांनी सह्या केल्या, मग त्यांनी शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. "आणि तुम्ही हात आत घाला. पुन्हा निखळेल."

माझ्या डोक्यात एकेक शब्द जागेवर बसायला बाहेरच्या पायरीपर्यंतचा वेळ लागला. तिथे बसून मी अप्पांना गोल्फचं हँडिकॅप समजावलं.

"म्हणजे कमी ते चांगलं," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"सगळ्यात चांगलं किती?"

"शून्य."

अप्पांनी हातातला कागद लांब धरून वाचला. मग म्हणाले, "तू पाच मागत होतास."

मी घड्याळ बघितलं. दीड वाजून गेला होता. परतीची गाडी अडीचला सुटली आणि वडखळला पुन्हा उभी राहिली. या वेळी पुढे बघायला अप्पाच उतरले. पनवेल स्टँडवरून रिक्षा करून खारघरच्या कार्यालयात पोचलो तेव्हा सहाला बारा मिनिटं होती. कार्यालयातले गृहस्थ संगणक बंद करायच्या बेतात होते.

"पाच झालेत साहेब, पण नवीन आकडा पहिल्या तारखेपासून लागू. आज दाखला दिला तर सातचाच निघेल."

मी खुर्चीत बसलो. सहा वर्षांत प्रथमच नीट बसलो असेन. आता उभं राहायचं कशासाठी, ते समजत नव्हतं.

अप्पा काउंटरशी गेले. आवाज चढवला नाही. उलट खाली आणला, दोन कारकून एकमेकांशी बोलतात तितका.

"हिशेब पूर्ण झालाय ना?"

"झालाय."

"मग सातचा दाखला कशाला? 'पहिल्या तारखेपासून पाच' असा द्या. खोटं काहीच नाही त्यात. परीक्षा पहिल्या तारखेनंतरच आहे."

गृहस्थांनी अप्पांकडे बघितलं. "तुम्ही कुठे होता?"

"तहसीलला. छत्तीस वर्षं."

यंत्रातून कागद बाहेर आला. अप्पांनी शाई वाळेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. (यंत्राची शाई आधीच वाळलेली असते. सांगायचं धाडस कोणी केलं नाही.) अर्जाला त्यांनी स्वतः टाचणी लावली. तंदुरुस्तीचा दाखला म्हणून अलिबागचा कागद जोडला, कारण हा माणूस अपंग नाही असं त्यावर तीन डॉक्टरांच्या सहीने लिहिलं होतं. अर्ज स्वीकारला गेला. रिक्षात बसल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "आता तुझं काम."

परीक्षेला काशिनाथ माझ्याबरोबर आला. पहिल्या होलवर मी काठी मागे नेली आणि ती खांद्याच्या उंचीला थांबली. त्याहून वर जायला खांदा तयार नव्हता. अठरा होल मी केर काढल्यासारखा खेळलो.

"सायेब, खाली बगू नका आता," काशिनाथ नवव्या होलवर म्हणाला. "बॉल तुमच्या फुडंच हाय."

पंचेचाळिसावा वाढदिवस त्यानंतर अकरा दिवसांनी झाला. मंजिरीने काहीही आठवण करून दिली नाही. मीच आपण होऊन रविवारी तिच्याबरोबर बाजारात गेलो.

परीक्षेला बसलेले एकूण बाहत्तर होते. मी एकाहत्तरावा आलो. बाहत्तरावा तिसऱ्या होलवर उलट्या झाल्यामुळे घरी गेला होता. अप्पा त्यालाही हिशेबात धरतात.