जुना आवाज काढला तेव्हा

परभणीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. त्याशिवाय काही वर्षांपासून लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या एका वितरणासाठी, म्हणजे तिच्या तयार संचासाठी, आवाजाची एक लायब्ररी सांभाळते, बिनपगारी. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड. तिची नवी आवृत्ती आली की तिच्यावर चालणारा एकेक प्रोग्रॅम नव्याने तयार करावा लागतो. काही तयार होत नाहीत. मग ते सांभाळणाऱ्यांना मेल लिहायचे, वाट बघायची, परत लिहायचे. सगळ्यांचं जमेपर्यंत नवी आवृत्ती अडून राहते.

मागच्या खेपेला हे काम दिवाळीच्या सुट्टीत हाती घेतलं आणि ऊन तापायला लागलं तरी ते संपेना. शेवटी एकच प्रोग्रॅम उरला, मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा. ज्याने तो लिहिला होता, त्याने मेलला उत्तर देणं कधीच सोडलं होतं. बाकीचे मला विचारायचे, तुमच्यासाठी अजून किती थांबायचं? एका दुपारी पेपर तपासता तपासता मी तो वितरणातून काढून टाकायची विनंती लिहिली आणि पाठवली. त्यावर कुणाचं अडतं हे मला ठाऊक होतं. तरी पाठवली.

पालमला एक निवृत्त गुरुजी आहेत. मधुमेहाने त्यांची नजर गेली. दर पौर्णिमेला ते विहारात बोलतात, आणि त्याआधी आठवडाभर कॉम्प्युटरकडून पुस्तकं वाचून घेतात. तो कॉम्प्युटर मीच लावून दिला होता. नवी आवृत्ती आल्यावर त्यांच्या पुतण्याने अपडेट केलं आणि गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, मशीन बोलंना झालंय."

रविवारी एसटीने गेले. गुरुजींच्या मंडळींनी पाणी दिलं, मी नवा आवाज बसवला, बाईचा. गुरुजी मान तिरकी करून ऐकत राहिले.

"लय भरभर वाचायलीय. आन् जुन्याला काय झालं?"

"मी काढला, गुरुजी."

"तुमीच?"

मी कारण सांगितलं. लायब्ररी बदलली, जुनीत सुरक्षेचे धोके होते, त्या एका प्रोग्रॅमपायी सगळे अडले होते. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाले, "त्यो चुकत व्हता, पर कुठं चुकतो ते मला ठावं व्हतं. आता हिच्या चुका शिकाव्या लागतील."

रागावले असते तर बरं झालं असतं. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळूनही मला झोप आली नाही.

पुढचे तीन रविवार त्या जुन्या प्रोग्रॅमवर घालवले. नव्या लायब्ररीत जी फंक्शनं उरली नव्हती त्यांच्या जागी दुसरी घातली. तिसऱ्या रविवारी तो बोलला, तसाच घोगरा. पेनड्राइव्हवर घेऊन पालमला गेले.

गुरुजींनी दोन वाक्यं ऐकली. हसले.

"राहू द्या मॅडम. हिची सवय झाली. परत जुन्याकडं जायचं म्हंजे परत कान बदलायचा."

"नक्की?"

"नक्की. तुमी थकल्यावानी बोलायलाव. जेवून जा."

जेवताना त्यांनी नवा आवाज चुकीचे म्हणतो ते शब्द सांगितले. त्यांच्या डोक्यात यादीच होती. "वालूर गावाला वलुर म्हणतीय. 'ळ' तर तिला येतच न्हाई." माझा उजवा हात खरकटा होता, म्हणून त्यांच्या मंडळींनीच एका जुन्या वहीच्या पानावर ते लिहून दिले.

दुरुस्त केलेला जुना प्रोग्रॅम मी वितरणात परत टाकला नाही. टाकला असता तर तो जन्मभर मलाच सांभाळावा लागला असता, आणि तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. शब्दांची यादी मात्र नवा आवाज बनवणाऱ्यांना पाठवली. त्यांनी दोन शब्द सुधारले. 'ळ'बद्दल विचारलं तर बघतो म्हणाले. मी महिन्यातून एकदा आठवण करते.