तीनशे ग्रॅम जास्त

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वहिनीने बॉक्सिंग सुरू केलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. दादा म्हणाला, "म्हणजे आता घरात आवाज चढवायची सोय राहिली नाही." वहिनी लॉन्ड्रीत इस्त्री करते. अकरा वर्षं वाफेत उभी राहून तिचे दंड असे झालेत की बरणीचं झाकण अडलं, तर आम्ही ती मुकाट्याने तिच्यापुढे ठेवतो.

सहा महिने ती कामावरून सुटली की थेट क्लबमध्ये. पॅड धरायला मी. पण तिथे तिला मनापासून कुणी मारतच नसे. पोरी 'ताई, ताई' करत ठोसा नाकापाशी आणून थांबवायच्या. "मी काय काचेचं भांडं आहे?" ती चिडायची. "भावजी, मला खरंच खेळता येतं की नाही, हे कळणार कधी?" मी म्हणायचो, पहिल्या सामन्यात कळेल.

सामन्याच्या सकाळी वजनं झाली. मर्यादा साठ किलोंची. वहिनी त्यात आरामात बसली. तिच्या गटात दुसरी एकच होती, कॉलेजातली एक उंच मुलगी. ती काट्यावर चढली आणि तीनशे ग्रॅम जास्त भरली. पंचांनी तासाभराची मुदत दिली. तेवढ्यात वजन उतरलं नाही, तर वहिनी न खेळताच विजयी.

"ताई, बसल्या जागी मेडल!" आमच्या कोचचा आनंद पोटात मावेना.

वहिनीचं तोंड मात्र एवढंसं झालं. ती उठून त्या रडकुंडीला आलेल्या मुलीजवळ गेली. स्वतःचा स्वेटर तिला घातला, वर माझं जॅकेट चढवलं आणि हातात दोरी दिली. "रडतेस काय? उड्या मार. घाम कसा काढायचा ते मला विचार, रोजचंच आहे माझं."

माझं डोकं फिरलं. "वहिनी, वेड लागलंय का तुला?"

"तुम्ही बोलू नका, घड्याळ बघा."

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला काट्याने साठ दाखवले. सगळ्यांत जोरात टाळ्या वहिनीच्या.

मला वाटलं, मुलगी उपकारांची जाण ठेवून जरा सांभाळून खेळेल. कसलं काय! पहिल्याच मिनिटात वहिनीच्या नाकावर सणसणीत ठोसा बसला. ती दोन पावलं मागे गेली, मान झटकली, आणि पुढे होऊन तिने मुलीच्या बरगडीत असा ठोसा हाणला की ती वाकलीच. तीन फेऱ्या दोघी एकमेकींना पुरून उरल्या. शेवटी गुणांवर मुलगी जिंकली.

वहिनीच्या सुजल्या नाकावर ओला टॉवेल धरताना मला रडू येत होतं. ते लपवायला मी त्या मुलीला चार शिव्या घातल्या.

"तिला कशाला बोलताय?" टॉवेलाआडून वहिनी म्हणाली. तिचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. "कशी जिवावर उदार होऊन मारत होती, बघितलंत ना? भावजी, घाबरली होती ती मला."