घोंगडीवाल्याचा बेत

सास्तूरच्या गुरुसिद्धप्पा तेल्याला करडईच्या तेलातलं जेवढं कळायचं, त्याच्या दुप्पट हेमकूटच्या राजकारणातलं कळायचं. हेमकूट नावाचं राज्य कुठंही नाही. ते ‘हेमकूटचा मुकुट’ या सहा भागांच्या अद्भुत कादंबरीत होतं, आणि ती कादंबरी सास्तुरात आणण्याचं पाप माझं.

मी तिथल्या शाळेवर मास्तर होतो. साल अठ्ठावन्न. लोकांना वाचनाची गोडी लावायची, असं एक खूळ तेव्हा माझ्या डोक्यात होतं. दर रविवारी दुपारी महादेवाच्या देवळात वाचन सुरू केलं. पहिल्याच दिवशी बघतो तर पुस्तक लाल फडक्यात गुंडाळलेलं, वर भस्माचं बोट आणि दोन फुलं. अरे बाबांनो, ही पोथी नव्हे, कादंबरी आहे, असं मी घसा ताणून सांगितलं. ऐकतंय कोण! या गावात पुस्तक वाचायचं म्हणजे एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं शेजारी पाटावर बसून अर्थ सांगायचा. त्या पाटावर गुरुसिद्धप्पाच्या बापानं तीस वर्षं पोथीचा अर्थ सांगितला होता. आता गुरुसिद्धप्पा सांगायचा. एरवी तो ‘अरे तेल्या’ असायचा. पाटावर बसला की पाटीलसुद्धा त्याला ‘अहो गुरुसिद्धप्पा’ म्हणायचे.

पण कादंबरीचा अर्थ काय सांगणार? मी वाचलं, “राजपुत्र घोड्यावर बसला.” गुरुसिद्धप्पा घाम पुसत म्हणाला, राजपुत्र म्हणजे राजाचा मुलगा, तो घोड्यावर बसला. लोक म्हणाले, ते कळलं. बिचाऱ्याचा तो रविवार फार वाईट गेला. पुढच्या रविवारी मात्र त्याला वाट सापडली. लिहिलेलं सगळ्यांना कळतंच आहे, तर अजून न लिहिलेल्याचा अर्थ सांगायचा! पुढं काय घडणार, कोण कुणाला फसवणार, हे तो सांगू लागला आणि देवळात पाय ठेवायला जागा उरेना.

कादंबरीत एक खलनायक होता. काळ्या वस्त्रात नखशिखांत गुंडाळलेला, तोंड कधी न दिसणारा. लेखकानं त्याला ‘कृष्णावगुंठित’ असं नाव दिलं होतं. वाचताना माझीच जीभ अडखळायची. गुरुसिद्धप्पानं त्याचा एका शब्दात निकाल लावला : घोंगडीवाला. हा घोंगडीवाला मुकुटातली सात रत्नं एकेक करून चोरत होता आणि प्रत्येक भागाच्या शेवटी घोंगडीआड हसत होता. तो कोण आणि रत्नांचं काय करणार, याचा पाच भाग झाले तरी पत्ता नव्हता.

एक भाग संपला की पुढचा यायला पाच-सहा महिने लागत. तेवढे दिवस हेमकूटचा दरबार तेलघाण्यावर भरायचा. बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरतोय, मागं फळीवर गुरुसिद्धप्पा बसलाय आणि भोवती दहा-पंधरा माणसं त्याचं बोलणं ऐकायला बैलाबरोबर गोल चालतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या मते घोंगडीवाला म्हणजे राजगुरू. नदीच्या सात झऱ्यांवर तो सात रत्नं ठेवणार, नदी आटणार, राजधानी तहानेनं तडफडणार आणि राजा स्वतः हातात घागर घेऊन वेशीचं दार उघडणार. पुरावा? दुसऱ्या भागात राजगुरू दरबारात उशिरा आला तेव्हा त्याच्या खडावा ओल्या होत्या. ऐन उन्हाळ्यात ओल्या कशा? ते वाक्य मी स्वतः वाचलं होतं आणि बावळटासारखा पुढं गेलो होतो. मला दोन दिवस जेवण सुचलं नाही.

बब्रुवान नावाच्या शेतकऱ्याचा संशय सेनापतीवर होता. गावात सरळ दोन तट पडले. आमचे भटजी नारायणराव यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता, पण तेही गुरूच! विहिरीवरून अंघोळ करून येताना लोक त्यांच्या ओल्या पायांकडं रोखून बघू लागले. ते माझ्याकडं तक्रार घेऊन आले. मी पोट धरून हसलो, ते त्यांना आवडलं नाही.

पाचवा भाग संपल्यावर एकदा मी तेलाला गेलो होतो. गुरुसिद्धप्पाचं ओल्या खडावांचं पुराण रंगात आलं होतं. त्याची बायको शरणम्मा घाण्यात करडई लोटत होती. मान वर न करता ती म्हणाली, “दाई हाय ती.”

राजपुत्राला वाढवणारी म्हातारी दाई प्रत्येक भागात यायची, कुणाला दूध द्यायची, कुणाचं अंथरूण घालायची आणि जायची. गुरुसिद्धप्पानं विचारलं, कशावरून?

“पाच भाग झाले. समद्यास्नी तिनं वाढलं. तिला कुणी एकदा तरी इचारलं का, जेवलीस का म्हणून?”

गुरुसिद्धप्पा इतका हसला की फळीवरून पडता पडता वाचला. मीही हसलो, तेल सांडेपर्यंत हसलो. शरणम्मा पुन्हा करडई लोटू लागली.

सहावा आणि शेवटचा भाग साठ सालच्या उन्हाळ्यात आला. तेव्हा पुस्तकांची पानं दुमडलेली, न कापलेली यायची. गुरुसिद्धप्पा शाळेत येऊन म्हणाला, शेवटची दोनच पानं कापून बघू. मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर माझाही हात शिवशिवत होता. रविवारी देवळात मुंगीलाही वाट नव्हती. वाचन सुरू होण्याआधी तो उभा राहिला. “घोंगडीखाली राजगुरू निगाला न्हाय, तर ह्या पाटावर म्या पुन्यांदा बसणार न्हाय. बापाचा पाट हाय, पर उठीन.” आता काहीही करून राजगुरूच निघू दे, असं मी महादेवाला विनवलं.

मी चाकूनं पान कापायचं आणि वाचायचं, असं चाललं. चाळिसाव्या पानावर राजगुरू झऱ्याची राखण करताना मारला गेला. खडावा ओल्या होत्या त्या एवढ्यासाठी! बब्रुवानच्या तटानं टाळ्या पिटल्या. साठाव्या पानावर सेनापतीही पडला आणि टाळ्या थांबल्या. गुरुसिद्धप्पा पाटाची कड घट्ट धरून बसला होता. मग घोंगडी उतरली. खाली दाई होती. सातही रत्नं जो अंगावर घालील, त्याच्यावरून राज्यात कुणालाही नजर काढता येत नाही, असा त्या रत्नांचा गुण होता. तिला तेवढंच हवं होतं. राजानं तिला नाव विचारलं, तर ती हसली आणि म्हणाली, चाळीस वर्षांनी विचारतोस?

मी पुस्तक मिटलं. खांबाआड बसलेल्या बायकांत खसखस पिकली. घाण्यावरची गोष्ट त्यांना सगळ्यांना माहीत होती. पुरुष अर्थ ऐकायला पाटाकडं बघत राहिले. मला माझ्या हसण्याची लाज वाटत होती.

गुरुसिद्धप्पा उठला. पाट उचलून काखेत मारला आणि माणसांतून वाट काढत थेट बायकांच्या बाजूला, शरणम्मापुढं गेला. आता हा तिच्यावर ओरडतो की काय, असं सगळ्यांना वाटलं. शरणम्मानं पदर तोंडाशी धरला होता.

“सकाळपास्नं जेवलीस का गं तू?” त्यानं विचारलं.

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. तिनं चारचौघांकडं बघितलं आणि मान हलवली. “न्हाय. करडई चाळायची हुती.”

त्यानं समाप्तीचा नारळ तिथंच फोडला, खोबऱ्याची एक कवड तिच्या हातात दिली आणि पाट तिच्यापुढं ठेवला. पुरुषांकडं वळून म्हणाला, अर्थ आता हिला विचारा. शरणम्मा आधी लाजली, मग बसली. साऱ्या देवळाच्या नजरा तिच्यावर खिळल्या होत्या. बब्रुवानला दम निघेना. तो म्हणाला, सांगा की वहिनी.

“थांबा जरा,” खोबरं चावत शरणम्मा म्हणाली. “आदी खाऊ द्या.”

आणि अख्खं सास्तूर तिचं खाणं होईपर्यंत थांबलं.