चौथी नळी

मॅडम उकळत्या बीकरमागे पांढरा कागद धरायला लावत. समोर विद्यार्थी असो की शिपाई, त्यांना फरक पडत नसे. प्राचार्य एकदा कसल्याशा सहीसाठी प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांनीही दहा मिनिटं कागद धरला होता. बीकरमध्ये व्हॅनाडेट नावाच्या क्षाराचं द्रावण असे. ते सुरुवातीला पिवळं दिसतं. उकळून, गार करून, पुन्हा उकळून त्याचा पिवळेपणा पूर्ण घालवावा लागतो. जराही पिवळं राहिलं तर ते धड काम करत नाही आणि पुढचा आठवडाभराचा प्रयोग वाया जातो. पांढऱ्या कागदावर पिवळेपणा लपत नाही, म्हणून कागद.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळख व्हायच्या आधीच माझ्या हातात कागद आला.

"पिवळं गेलं का?"

"गेलं वाटतंय."

"वाटतंय नको. गेलं का, ते सांगा की."

मी पुन्हा पाहिलं. "थोडं आहे अजून."

"मग वाटतंय का म्हणालात? पेपरात असंच लिहिता काय?"

मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकात होतो. त्यांनी मला बोलावलं होतं ते त्याच आठवड्यात छापलेल्या माझ्या बातमीमुळे. शहरातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माळरानावरच्या एका झुडपाच्या पाल्यात मधुमेहावरचा गुण शोधला होता, आणि एका कंपनीनं त्याची पावडर दुकानांत आणली होती. बातमी पहिल्या पानावर होती. मॅडमनी ती कात्रण करून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

"सरांना तुम्ही विचारलं का, नळीत कॅटॅलेज घातलं होतं का म्हणून?"

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होतो. तसं सांगितलं.

"बरं झालं नाही विचारलंत," त्या म्हणाल्या. "आत्ता कुणीच विचारू नये."

या प्राध्यापकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती मॅडमचीच अट होती. "नाव लिहिलंत तर त्यांचं काहीतरी उरेल," असं त्या म्हणाल्या होत्या.

मॅडमचे वडील शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग चालवत. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आपला विषय समजावताना त्या पुस्तकातली उदाहरणं देत नसत. "माग सुरू करायला अक्कल लागत नाही," त्या म्हणत, "खटका दाबला की झालं. आडवा धागा तुटला की माग थांबतो, ती खरी करामत. नाही थांबला तर चादर नाही, चिंधी निघते." पेशीचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून निरोप येतो, इन्सुलिनचा समजा. आत काही प्रथिनांवर, टायरोसिन नावाच्या जागी, फॉस्फेटची खूण लागते आणि काम सुरू होतं. खूण लावणारे एन्झाइम निराळे. ती पुसून काम थांबवणारे ते फॉस्फेटेज, आणि मॅडमनी आयुष्य घातलं ते यांच्यावर. व्हॅनाडेट त्यासाठीच लागे: पेशी फोडल्यावर या पुसणाऱ्यांना जागच्या जागी थोपवायचं, नाहीतर वाचण्याआधी खुणा गेलेल्या असतात.

यातलाच एक फॉस्फेटेज इन्सुलिनची खूण जास्त पुसत राहिला तर साखर वाढते. तो अडवणारं औषध मिळालं तर मधुमेहावर उपाय सापडेल, म्हणून जगभर त्याच्या मागे माणसं लागली आहेत. दुसरा एक बिघडून सतत चालूच राहतो. लहान मुलांच्या रक्ताचा एक कर्करोग त्यातून होतो. "थांबवणाऱ्यालाही थांबता आलं पाहिजे," हे सांगून त्या वर्गाकडे बघत आणि फळा पुसत.

पाल्याचा प्रयोग मूळ त्यांचा होता. वळसंगच्या पुढच्या माळावरून पाला त्यांनी आणला, वाळवला, अर्क काढला. त्या वेळी त्या याच सरांकडे पीएच.डी. करत होत्या. अर्क घातला की फॉस्फेटेज बंद पडत होता. सर खूश झाले आणि त्यांनी वही मागून घेतली.

वही देण्याआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत मॅडमनी आणखी एक प्रयोग केला होता. हा एन्झाइम ताजा राहावा म्हणून नळीत एक उग्र वासाचं रसायन घालतात. पाल्यातला एक घटक त्या रसायनाशी मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत होता, आणि एन्झाइम मरत होता तो त्यानं. कॅटॅलेज पेरॉक्साइडचा नाश करतं. ते घातल्यावर एन्झाइम पुन्हा कामाला लागला. "कुलूप किल्लीनं बंद झालं नव्हतं," मॅडम म्हणत. "गंजलं होतं. त्यानं कुठलंही कुलूप गंजवलं असतं." म्हणजे पाल्यात औषध नव्हतं. हे वहीच्या शेवटच्या चार पानांत लिहिलेलं होतं, आणि त्या पानांची प्रत मॅडमनी स्वतःकडे ठेवली होती. सरांनी तिथवर वाचलं नाही.

मॅडम तीन वेळा सांगायला गेल्या. पहिल्या वेळी सर बैठकीत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी आत घेतलं, दोन पाहुण्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मागावरची माणसं. धागे मोजा. विचार करायला मी आहे."

शोधनिबंध निघाला तेव्हा लेखकांत त्यांचं नाव नव्हतं. शेवटी आभारांत 'प्रयोगशाळेतील सहकारी' असा उल्लेख होता. माझ्या बातमीत तोही नव्हता.

"तीन वेळा मी त्यांच्यासाठी गेले," मॅडमनी मला सांगितलं. "चौथी वेळ माझी." त्यांना एकच हवं होतं. पाला खोटा आहे, हे सरांनी भरल्या सभेत, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्यासाठी ते जितके उंच चढतील तितकं बरं, असा त्यांचा हिशेब होता. पुरस्कार आला, त्यांनी कात्रण ठेवलं. समितीवर नेमणूक झाली, कात्रण ठेवलं. मी दर काही महिन्यांनी विचारत असे, अजून किती?

"चढू द्या की. पायरी मोडायची घाई काय आहे?"

मीही गप्प राहिलो. बातमीला पुराव्याचा कागद लागतो आणि तो कागद त्यांच्याकडे होता, असं मी स्वतःला सांगत होतो.

त्यांच्या आईची थोरली बहीण, पेद्दम्मा, त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत राहत असे. विड्या वळून तिनं भाचीची फी भरली होती. तिला साखरेचा त्रास जुना. एका संध्याकाळी मॅडम तिच्याकडे गेल्या तर कोनाड्यात तीच पावडर. डबा अर्धा संपलेला. डॉक्टरच्या गोळ्या तिनं कधीच बंद केल्या होत्या. पायाच्या बोटाला जखम होती, ती चिंधीखाली झाकून ठेवलेली.

"आपल्या सोलापूरच्या सरानं काढलंय म्हणं. तुजेच सर न्हवं?" पेद्दम्मा म्हणाली. "तुज्या सराचं औषिद वाईट आसंल व्हय?"

बोट कापावं लागलं. मॅडम दवाखान्याच्या जिन्यात बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "बोट सरांनी कापलं. सुरी मी धरून बसले होते."

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या आणि सरांचा कॉलेजात जाहीर सत्कार करावा, असा प्रस्ताव दिला. प्राचार्यांना आनंद झाला.

सत्काराची सगळी तयारी त्यांनी स्वतः केली. शालीऐवजी सोलापुरी चादर आणली. "शाल घसरते," त्या म्हणाल्या, "चादरीला वजन असतं." ती त्यांनीच सरांच्या खांद्यावर घातली. सभागृह भरलेलं होतं. कंपनीची माणसं पहिल्या रांगेत होती, पत्रकार दुसऱ्या रांगेत. कार्यक्रमपत्रिकेत 'सरांच्या गाजलेल्या प्रयोगाचं प्रात्यक्षिक' असं छापलं होतं. सर हसले, म्हणाले, "आमच्या जुन्या विद्यार्थिनी. हात चांगला आहे यांचा."

मॅडमनी टेबलावर कोमट पाण्यात नळ्यांचा स्टँड ठेवला. यात ते उग्र वासाचं रसायन आणि रंग नसलेलं एक द्रव्य असतं. फॉस्फेटेज जिवंत असेल तर तो द्रव्यातला फॉस्फेट काढतो आणि द्रव्य पिवळं होतं. एन्झाइम मेला असेल तर पाणी पाण्यासारखंच राहतं. हे त्यांनी मोजून दोन वाक्यांत सांगितलं. मग सरांचं भाषण झालं. नळ्या तोवर पाण्यात होत्या.

भाषण संपल्यावर मॅडमनी सरांच्या हातात पांढरा कागद दिला. "सर, तुम्हीच धरा. तुमचा प्रयोग."

त्यांनी हौसेनं धरला. पहिल्या नळीत नुसता एन्झाइम. पिवळी. दुसऱ्या नळीत एन्झाइम आणि दुकानातली पावडर. पाण्यासारखी. टाळ्या झाल्या. टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत मॅडम थांबल्या.

"तिसऱ्या नळीत एन्झाइम, तीच पावडर, आणि कॅटॅलेज. पिवळं झालं का, सर?"

सरांनी कागद नळीच्या जवळ नेला. पिवळा रंग पहिल्या रांगेतूनही दिसत होता.

"झालं का?"

"झाल्यासारखं वाटतंय."

"वाटतंय नको. झालं का, ते सांगा की."

"झालं." त्यांनी लगेच सावरायचा प्रयत्न केला. "पण त्या कॅटॅलेजच्या बाटलीतच दुसरा एखादा फॉस्फेटेज मिसळलेला असणार. हा तुमचा गलथानपणा आहे, बाई."

आक्षेप विज्ञानाला धरून होता. मॅडमनी स्टँडमधून शेवटची नळी उचलली.

"हे तुम्ही म्हणणार, हे मला माहीत होतं. ही चौथी नळी फक्त तुमच्यासाठी आणली. हिच्यात पावडर आहे, कॅटॅलेज आहे, एन्झाइम नाही. बाटलीत भेसळ असेल तर ही पिवळी व्हायला हवी. झाली का?"

"नाही."

"मग तिसरीतला पिवळा रंग कुणाचा?"

"एन्झाइमचा," सर म्हणाले.

"म्हणजे पावडरीनं एन्झाइम अडवला का?"

खांद्यावर चादर तशीच होती. मग सर म्हणाले, "नाही."

"मोठ्यानं सांगा, सर. मागं लोक आहेत."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. मॅडमनी त्यांच्या हातून कागद काढून घेतला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि वहीची शेवटची चार पानं, छायाप्रती करून, पत्रकारांच्या रांगेत वाटली. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या हस्ताक्षरातली जुनी तारीख होती.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. दुकानदारांनी डबे फळीवरून काढले. कंपनीनं फेरतपासणीचं पत्रक काढलं. सर समितीवरून गेले. त्यांचा मॅडमना फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो आणि कागद धरून उभा होतो. फोन टेबलावर होता, आवाज बाहेर येत होता.

"हे तुम्हाला मला खासगीत सांगता आलं असतं."

"तीन वेळा आले होते, सर," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद केला. मग माझ्याकडे वळल्या. "पिवळं गेलं का?"

त्या संध्याकाळी त्या पेद्दम्माकडे गेल्या. मी सोबत होतो. मॅडमनी सगळं सांगितलं. सर भरल्या सभेत काय म्हणाले, तेही. पेद्दम्मा विड्यांची सुपली मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जिरवलीस त्याची. ब्येस केलीस, बिड्डा, लेकरा." मग पट्टी बांधलेला पाय पुढे केला. "तुला आदीपासनं ठावं हुतं की. मला कामून न्हाई सांगितलीस?"

मॅडमनी खाली बसून पट्टी सोडली आणि जखम धुतली. त्यानंतर त्या शहरात असतील त्या प्रत्येक संध्याकाळी ती त्यांनीच धुतली.

पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. प्रश्न ऐकून त्या चिडल्या नाहीत. "त्यांच्याबद्दल? बिलकूल नाही. आज पुन्हा उभं केलं तर पाचवी नळी नेईन. पण पावडर दुकानात आली त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. आणि तेव्हा बोलले असते तर ते चुकलं-माकलं म्हणून सुटले असते. दोन्ही खरंय. लिहायचं तर दोन्ही लिहा."

नियतकालिकानं तो शोधनिबंध मागे घेतला. त्या सूचनेत लेखकांची यादी पुन्हा छापली गेली. मॅडमचं नाव तिच्यातही नव्हतं, कारण ते मुळातच नव्हतं. त्या सूचनेचं कात्रणही काचेखाली गेलं, सगळ्यांच्या वर.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. हृदयविकार. तेराव्यानंतर पेद्दम्मानं मला बोलावून घेतलं. कोनाड्यात पावडरीचा रिकामा डबा होता. तिनं तो फेकला नव्हता, त्यात विड्या बांधायचा दोरा ठेवला होता. काचेखालची कात्रणं कॉलेजनं घरी पाठवली होती, ती तिनं माझ्यापुढे ठेवली. तिला मराठी वाचता येत नाही.

"ह्यात तिजं नाव कुटं हाय, दाखवा."

मी सगळी कात्रणं पाहिली. सर्वांत वर सूचना होती, सर्वांत खाली माझी पहिली बातमी. सत्काराच्या दिवसाच्या बातमीत 'महाविद्यालयातील एक प्राध्यापिका' असं होतं. तसं लिहा, असं त्यांनीच सांगितलं होतं, नोकरीच्या भीतीनं. कुठेच नाही, असं मी म्हणालो.

"तिनं त्याचं नाव लिवू नगा म्हटली, लिवू नगा," पेद्दम्मा म्हणाली. "तिजं लिवा. सगळं लिवा. बापाच्या नावासकट."

त्यांचं नाव सुगुणा नरसय्या गुंडेटी.